आपोआप रद्द

मंडळाचे नाव 'ठाणे जिल्हा उच्चविद्याधिकारी मंडळ' असे होते. एका दमात ते फक्त त्र्यंबकरावांना म्हणता येई, कारण ठेवले होते त्यांनीच. कल्याणात लोक त्याला हेडमास्तरांचा अड्डा म्हणत. सात जण सभासद. कोणी ठाण्याचे, कोणी भिवंडीचे, दोघे कल्याणचे, आणि सगळे कुठल्या ना कुठल्या विद्यालयाचे प्रमुख. पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जमायचे, पोटभर जेवायचे, विड्याचे पान लावता लावता देशातल्या शिक्षणाची चिंता करायची आणि संध्याकाळच्या गाडीने घरोघर जायचे. राणीच्या ज्युबिलीच्या पुढच्या साली त्या चिंतेला एकदम वजन आले. इन्स्पेक्टर साहेबाने कळवले की, जिल्ह्यात कोणत्या शाळेला मॅट्रिकचा वर्ग द्यायचा हे आपण मंडळाला विचारून ठरवू, आणि मंडळाने शिफारस करावी ती आपल्या सभासदांच्याच शाळांची. झाले! काल जे मंडळ जेवणावळ होते ते आज दरबार झाले.

त्र्यंबकराव कल्याणच्या हायस्कुलाचे हेडमास्तर आणि मंडळाचे चिटणीस. नियम करणे हा त्यांचा छंद होता. इतर माणसे तपकीर ओढतात, हे नियम करीत. नवा सभासद घ्यायचा तर गुप्त मत घ्यावे, हा त्यांचाच नियम. त्यासाठी साहेबांच्या क्लबात मत टाकायला असतात तसल्या काळ्या-पांढऱ्या गोळ्या आणायच्या कुठून? म्हणून प्रत्येकाला तांदळाचा एक दाणा आणि उडदाचा एक दाणा द्यायचा. हवा असेल तर तांदूळ, नको असेल तर उडीद, मुठीत धरून तांब्यात सोडायचा. तांब्यात एक जरी काळा दाणा निघाला तरी माणूस नापास. कोणी टाकला ते विचारायचे नाही.

पाचवा नियमही त्यांचाच. मुंबईचे एक गृहस्थ, शाळा ना संस्था, नुसते नावापुढे लावायला सभासदत्व मागत होते. त्यांना दारातून परत पाठवण्यासाठी त्र्यंबकरावांनी लिहिले की, नव्या सभासदाने तीन महिन्यांच्या आत जिल्ह्यातल्या आपल्या राहत्या घरी बैठक भरवावी, तीत तो धरून तीन सभासद बसलेले असावेत, तसे न झाल्यास त्याचे सभासदत्व आपोआप रद्द व्हावे. 'आपोआप' हा शब्द त्यांना फार आवडला होता. त्यात कोणी कोणाला काढीत नाही, वाईटपणा कोणाकडे येत नाही. आपली माणसे असल्या शब्दांवर जीव टाकतात.

त्या सालच्या आषाढात परशुराम त्यांच्याकडे आला. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला हा मुलगा त्र्यंबकरावांचा जुना विद्यार्थी. त्याच्या कपड्यांना मासळीचा वास येतो म्हणून वर्गातली पोरे नाकाला धोतराचा सोगा लावीत, तेव्हा त्र्यंबकरावांनी त्याला शेवटच्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर बसवले होते. ही गोष्ट खरी होती, आणि ती त्र्यंबकराव दरेक भाषणात सांगत असत. पहिल्या बाकावरचा तो मुलगा पुढे मुंबईस जाऊन बी. ए. झाला, सरकारी नोकरी चालून आली ती सोडून गावी परतला आणि वाड्यातल्या लोकांच्या वर्गणीवर त्याने इंग्रजी शाळा काढली. इंग्रजी पाचव्या इयत्तेपर्यंत ती आता भरत होती.

"मास्तर, पुढचा वर्ग मिळाला नाही तर ही पोरं पुन्हा होडीवर जातील," परशुराम म्हणाला. तो बसला होता ओसरीच्या कडेला, सतरंजी सोडून. "कल्याणला रोज धाडायची त्यांच्या बापांची ऐपत नाही. मंडळाचा सभासद झालो तर शिफारस तरी मागता येईल. आपण माझं नाव सुचवाल?"

"सुचवतो म्हणजे काय! तुझं नाव मी नाही सुचवायचं तर कोणी?" त्र्यंबकराव म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

ते ढोंगी नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. ढोंगी माणसाला आपण ढोंग करतो हे ठाऊक असते. त्र्यंबकरावांना एवढेच ठाऊक होते की मंडळात विठ्ठलशास्त्री आहेत. शास्त्रीबुवा कल्याणच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख. बैठकीला गेले तरी पाणी स्वतःच्या तांब्यातले प्यायचे आणि आगगाडीतून उतरले की घरी जाऊन अंघोळ करायचे. ते कोळ्याच्या नावावर तांदूळ टाकतील हे शक्यच नव्हते. मग भीती कसली? नाव सुचवावे, भाषण करावे, पांढरा दाणा टाकावा. शास्त्रीबुवांचा उडीद आहेच.

बैठक त्र्यंबकरावांच्याच घरी भरली. ते बोलले, आणि फार चांगले बोलले. पहिल्या बाकाची गोष्ट आलीच. भिवंडीचे आनंदराव उठून म्हणाले की, विद्येला जात नसते. ठाण्याच्या हेडमास्तरांनी 'वाहवा' म्हटले. शास्त्रीबुवा डोळे मिटून बसले होते. मग तांब्या फिरला.

तांब्या ताटात उपडा केला तेव्हा सात दाणे पडले. सातही पांढरे.

आनंदरावांनी तांब्या उचलला, आत डोकावून पाहिले, मग उलटा धरून बुडावर दोन थापा मारल्या. एखादा उडीद आत चिकटून राहिला असेल अशी त्यांना आशा होती. काही पडले नाही. तेव्हा त्या माजघरात बसलेल्या सात विद्वानांपैकी सहा जणांना एकाच क्षणी कळून चुकले की आपण सगळे एकाच माणसाच्या सोवळ्याच्या भरवशावर उदार झालो होतो. आणि तो माणूस आपले उपरणे झटकून उठला होता.

"निवड झाली ना? मग मी निघतो. गाडीची वेळ झाली, म्हणजे तुमची; मला संध्या करायचीय," एवढेच शास्त्रीबुवा म्हणाले.

ते गेल्यावर आनंदरावांनी त्र्यंबकरावांना मागच्या अंगणात गाठले.

"काय हो हे? म्हातारा फिरला कसा?"

"मी तरी काय सांगू?"

"आता त्याच्या घरी बैठक. पाचवा नियम! कोळीवाड्यात पाटावर बसायचं आपण? मुलींची लग्नं व्हायचीत, त्र्यंबकराव. माझ्या एका मेव्हण्याला नुसत्या चहापायी ग्रामण्याला तोंड द्यावं लागलं, दोन वर्षं वाळीत होता बिचारा. त्याच्या नेहमीच्या न्हाव्यानंसुद्धा वाट बदलली होती."

"बघू," त्र्यंबकराव म्हणाले. "अजून तीन महिने आहेत."

ते तीन महिने कसे गेले ते पाहण्यासारखे आहे. परशुरामने श्रावणातली तारीख सुचवली, तर त्र्यंबकरावांनी कळवले की श्रावणात सोवळेओवळे फार, मंडळींची अडचण होईल. भाद्रपदात गणपती आले. मग पितृपक्ष लागला, आणि पितृपक्षात कोणी शुभकार्याची बैठक भरवतो का? असे करता करता मुदतीतला शेवटचा रविवार उरला. तो दसऱ्यानंतरचा. त्याला मात्र नाही म्हणायला पंचांगात काही सापडले नाही.

परशुरामने त्या दिवसाची तयारी केली ती त्र्यंबकरावांना त्यानेच येऊन सांगितली. घराला नवा चुना दिला होता. जेवण शिजवायला कल्याणहून ब्राह्मण आचारी ठरवला होता, आणि त्याच्यासाठी घराबाहेर वेगळा मांडव, नव्या चुली, न वापरलेली पितळेची भांडी. पाणी आचाऱ्यानेच देवळाच्या विहिरीवरून आणायचे. परशुरामची आई मनुबाई त्या दिवशी आपल्या चुलीकडे फिरकणारसुद्धा नव्हती.

"आणि मास्तर, वाड्यानं ठरवलंय, त्या दिवशी वाळवण उचलायचं. स्टेशनपासून घरापर्यंत मासळीचा वास येता कामा नये म्हणून. ऐन उन्हातलं वाळवण आहे. पण पोरांच्या शाळेसाठी म्हणून सगळे कबूल झाले."

"छान, छान," त्र्यंबकराव म्हणाले.

"आपण याल ना, मास्तर? बाकी कुणाचं मी धरत नाही. आपण आलात तर आपण आणि मी. फक्त तिसरा लागेल."

"अरे, मी नाही आलो तर कोण येणार?"

शनिवारी संध्याकाळी आनंदराव भिवंडीहून मुद्दाम कल्याणला आले. मी सगळ्यांशी बोललोय, म्हणाले, ठाण्याचे कोणी जात नाहीत, भिवंडीचे आम्ही दोघे जात नाही. शास्त्र्यांना विचारायची गरजच नाही. दाणा टाकणं निराळं आणि कोळ्याच्या ओट्यावर जाऊन बसणं निराळं. "तुम्ही एकटे गेलात तर काय होईल ते सांगतो. दोघांची बैठक होत नाही. त्याचं सभासदत्व जायचं ते जाईलच, वर तुमचं नाव मात्र गावभर होईल. ठाण्याकडे थोरलीचं जमवताय ना तुम्ही? ती माणसं कशी आहेत ठाऊक आहे ना? त्याचा फायदा शून्य आणि तुमचं नुकसान बारा आणे. असला व्यवहार शहाण्यानं करू नये."

त्र्यंबकराव रात्रभर कुशीवर कुशी बदलत राहिले. पण आनंदरावांचे गणित चुकत नव्हते. तिसरा येणारच नाही. मग दुसऱ्याने जाऊन काय उपयोग? हे उत्तर सापडले तेव्हा त्यांना शांत झोप लागली, आणि ही झोप मला त्यांच्या साऱ्या वागण्यात सर्वांत वाईट वाटते.

रविवारी सकाळी त्यांनी अंघोळ केली, धोतर नेसले, पगडीसुद्धा खुंटीवरून काढली. मग ती गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. शेवटी शाळेचा शिपाई पंढरी याला हाक मारली आणि डोंबिवलीला जाऊन सांग म्हणाले, हेडमास्तरांना ताप भरलाय, फार वाईट वाटतं, पण येववत नाही.

त्यांची बायको सुमती दारात उभी राहून ऐकत होती. पंढरी गेल्यावर तिने विचारले, "जायचं नव्हतं तर नाव कशाला सुचवलंत त्याचं?"

"तुला त्यातलं काय कळतंय? तिसरा माणूस येत नाही म्हटल्यावर माझ्या जाण्याला अर्थ आहे का?"

सुमती आत गेली आणि थोड्या वेळाने वाफाळती वाटी घेऊन आली. काडेचिराइताचा काढा होता.

"हे काय?"

"ताप आलाय म्हणून सांगून पाठवलंत ना? घ्या आता. गावात कोणी विचारलं तर मला खोटं बोलायला नको."

त्र्यंबकरावांनी तिच्याकडे पाहिले. ती वाटी धरून उभीच होती. त्यांनी तो कडूजहर काढा डोळे मिटून घशाखाली उतरवला आणि संध्याकाळपर्यंत खरोखरच अंथरुणावर पडून राहिले.

दोन दिवसांनी ते डोंबिवलीला गेले. चिटणीस म्हणून सभासदत्व रद्द झाल्याचे कळवायला हवे होते, आणि परशुरामचे सांत्वनही करायचे होते. वाटेत त्यांनी वाक्ये जुळवली. ती चांगली जुळली. समाज अजून तयार नाही. रूढीची मुळे खोल असतात. एक दिवस असा येईल.

कोळीवाड्यात वाळवण पुन्हा पडले होते. चटयांवर जवळा पसरलेला होता, दोरीवर मासळी टांगलेली. त्र्यंबकरावांचा हात नकळत उपरण्याकडे गेला आणि उपरणे नाकाशी. परशुरामच्या ओट्याशी पोचल्यावर त्यांच्या ते ध्यानात आले आणि त्यांनी ते घाईघाईने खाली सोडले. मनुबाई उंबऱ्यात जाळे दुरुस्त करीत बसली होती. तिने पाहिले होते.

परशुरामने नमस्कार केला, पाट मांडला. अंगणातला मांडव अजून तसाच होता. त्र्यंबकराव बसले आणि त्यांनी सुरुवात केली. समाजाचे सांगितले, मुळांचे सांगितले. परशुराम मान खाली घालून ऐकत होता.

"खरं सांगू का, परशुराम? तुझं नाव निवडून आलं तेव्हाच मी ओळखलं होतं, ही मंडळी बोलतील आणि पाठ फिरवतील. त्यातून आमचे ते शास्त्रीबुवा. दाणा टाकला पांढरा, पण अशी माणसं शेवटी तुझ्या दारी कुठली यायला? मला ताप नसता आणि मी आलो असतो, तरी तिसरा आणणार होतो कुठून?"

परशुरामने मान वर केली.

"शास्त्रीबुवा आले होते, मास्तर."

त्र्यंबकरावांना वाटले आपण नीट ऐकले नाही.

"कोण आले होते?"

"विठ्ठलशास्त्री. सकाळच्या गाडीनं. आपला तांब्या आणि आपली सोवळ्याची धाबळी घेऊन आले. ओट्यावर, आता आपण बसलात तिथंच, धाबळी पसरून बसले. म्हणाले, मी इथं काही खाणार नाही, पाणीही घेणार नाही, घरी जाऊन अंघोळ करणार, ते माझं मी बघतो. पण नियमात बसावं असं आहे, जेवावं असं नाही. तर मी बसतो."

त्र्यंबकराव म्हणाले, "पण... ते का आले?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, सभासदाला विद्या हवी, एवढंच नियमात विचारलं होतं. ती तुझ्यापाशी आहे. मग मी काळा दाणा टाकू कसा? आणि दाणा पांढरा टाकला तर इथं येऊन बसलं पाहिजे, नाहीतर तो टाकला कशाला?" परशुराम थांबला. "मी म्हटलं, सुरू करू या का? तर म्हणाले, त्र्यंबकराव येऊ देत. नाव त्यांनी सुचवलंय. ते आल्याशिवाय राहायचे नाहीत."

"मग पंढरी आला असेल," त्र्यंबकराव पुटपुटले.

"दुपारी आला. वाड्याच्या तोंडाशीच उभा राहून ताप भरलाय म्हणाला आणि तिथूनच परत फिरला. मी शास्त्रीबुवांना म्हटलं, आता उठावं आपण. ते म्हणाले, ताप आहे, उतरेल. सकाळचा ताप दुपारी उतरतो पुष्कळदा. संध्याकाळपर्यंत गाड्या आहेत. आणि बसून राहिले. आचाऱ्यानं सगळं अन्न झाकून ठेवलं होतं. दिवेलागण झाली तेव्हा उठले. जाताना मला म्हणाले, तुझ्या मास्तरांची प्रकृती विचारायला हवी, फार दुखणं असलं पाहिजे."

खाडीवरून वारा येत होता. त्र्यंबकरावांनी मनात माणसे मोजली. सभासद दोन होते. तिसरा फक्त हवा होता. शनिवारपासून ते ज्या न येणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या आड लपले होते, तो तिसरा तेच होते. एवढे साधे गणित, आणि ते जिल्ह्यातल्या पोरांना गणित शिकवीत.

"परशुराम, मी... हे मला ठाऊक असतं तर मी..." ते थांबले. ठाऊक असते तर आलो असतो, हे वाक्य त्यांच्या ओठांवर होते. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांचे त्यांनाच कळले.

"असू द्या, मास्तर," परशुराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर त्र्यंबकरावांना बरे वाटले असते. "झालं ते झालं. मॅट्रिकचा वर्ग आता काही मिळत नाही. पण वरच्या वर्गातली माझी चार पोरं फार हुशार आहेत. त्यांचं वर्ष फुकट जाऊ नये असं वाटतं. आपल्या हायस्कुलात त्यांना घ्याल का? रोजचं येणंजाणं परवडायचं नाही, तेव्हा आपल्या बोर्डिंगात राहतील. पंगतीला नसली तरी चालेल, वेगळी बसतील. त्यांना पहिला बाकही नको. कुठंही बसवा."

त्र्यंबकरावांनी तोंड उघडले. हो म्हणायचे होते. देवाशपथ हो म्हणायचे होते. पण बोर्डिंगचा स्वयंपाकी त्यांच्या डोळ्यांपुढे आला, मुलांचे बाप आले, कमिटी आली, ठाण्याकडची ती सोयरीक आली. आणि सवयीने, अगदी सवयीनेच, ते म्हणाले,

"बघतो. कमिटीला विचारावं लागेल. बोर्डिंगाचे नियम आहेत ना..."

मनुबाईच्या हातातली सुई थांबली. रविवारपासून ती या बाबतीत एक अक्षर बोलली नव्हती. आपल्याच घरात दिवसभर परक्यासारखी कोपऱ्यात बसली होती, आणि आचाऱ्याने केलेले अन्न रात्री तिने वाड्यातल्या पोरांना मुकाट्याने वाढून टाकले होते. आता तिने मान वर करून त्र्यंबकरावांकडे पाहिले. मोठ्या मायेने म्हणाली असे वाटावे, अशा आवाजात ती म्हणाली,

"मास्तर, उन्हं उतरली. घरा जा आता. नायतं पुन्ना ताप यल."

त्र्यंबकराव उठले. परशुराम त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला निघाला होता, पण आईने त्याला हाक मारून जाळ्याचे दुसरे टोक धरायला बसवले.